हॉस्टेलचा लोड वाढवायचाय. आरसीसीबी (वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच) सक्तीची आहे का? आणि हा नियम नेमका कुणाचा?

औसा_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लातुरात आमची तळमजला अधिक तीन अशी इमारत आहे. खाली दोन गाळे, वर मुलांचं हॉस्टेल. ४२ पोरं, सगळी नीट परीक्षेची तयारी करणारी. इमारत २००९ ची, वडिलांनी भाड्याचे ब्लॉक काढायचे म्हणून बांधलेली. तेव्हा एका ब्लॉकमध्ये दोन पंखे, टीव्ही, फ्रिज, झालं. आता त्याच ब्लॉकच्या चार खोल्या झाल्यात आणि मार्च लागला की खोलीगणिक कूलर. वर चार गीझर, आरओ, बोअरची मोटर. मंजूर लोड १० किलोवॅट, तो २० करायचाय.

आता गंमत ऐका. वीज कंपनीच्या ऑफिसात म्हणाले, अर्ज भरा, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडा, बाकी आम्ही बघतो. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणतो, "मीटरचा फोटो अन् बिल व्हॉट्सअ‍ॅप करा, १,५०० पाठवा, संध्याकाळी रिपोर्ट." मी म्हणलं, बघायला कधी येता? तो हसला.

फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देणारी एजन्सी म्हणते, मेन बोर्डात आरसीसीबी पाहिजेच. आमचे वायरमन मामा (सख्खे नाहीत, पण वडिलांच्या वेळेपासूनचे) म्हणायलेत, "ते घेऊ नको, सारखं पडतंय, पोरं रात्री बोंबलतील." महापालिकेत विचारलं तर तो विषय आमचा नाही म्हणे.

चार ठिकाणी चार उत्तरं. सक्ती आहे का नाही, आणि असली तर कुणाची, एवढंच सांगा.

---

बोरी_फाटा

मामा बरोबर बोलायलेत. आमच्या दुकानात बसवली होती. पाऊस पडला की खटका पडायचा. शेवटी वायरमननं डायरेक्ट करून दिली. तीन वर्षं झाली, काही प्रॉब्लेम नाही.

---

मेगरवाला

बोरी_फाटा, तीन वर्षं प्रॉब्लेम नाही असं नाही. तीन वर्षं प्रॉब्लेम सांगणारं कुणी राहिलं नाही. तुमच्या मामांना आणि यांच्या वायरमनला नंतर उत्तर देतो, आधी औसा_नाकांचा मूळ प्रश्न.

मी परभणीत २२ वर्षं वायरिंगचं काम करतो, लायसन आहे, मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन मोजायचं मीटर) आहे आणि तो वापरतो. म्हणून हे नाव.

नियम कुणाचा, तर दिल्लीचा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५३ नुसार सुरक्षेचे उपाय ठरवायचं काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचं. त्याआधी १९१० चा कायदा होता आणि त्याखाली १९५६ चे इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स. (ज्या साली आपण हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो, त्याच सालचे. राज्य बदललं, राज्य परत बदललं, मराठवाड्यात लाईट आली, गेली, रूल्स तेच.) ते चालले थेट २०१० पर्यंत. २०१० ला प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आणि जून २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. म्हणजे पहिला बदल व्हायला ५४ वर्षं, दुसरा १३ वर्षांत. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या तोंडी अजून "रूल ५६" च आहे.

आता आरसीसीबी. जुन्या नियमात ५ किलोवॅटच्या आतल्या सिंगल फेज कनेक्शनला सूट होती. ती मर्यादा आता २ किलोवॅटवर आली आहे. त्याच्या वरच्या प्रत्येक कनेक्शनला अर्थ लीकेज संरक्षण, म्हणजे आरसीसीबीसारखं काही, पाहिजे, घरगुतीला ३० मिलिअँपिअरचं. तुमचं कनेक्शन थ्री फेज, लोड १० चा २० होणार. सुटीचा प्रश्नच नाही. सक्ती आहे. आज नाही, आधीपासून होती. २००९ साली १० किलोवॅट घेतलंत तेव्हाही होती.

बघणार कोण, ही खरी गोम. बघा कसं वाटून घेतलंय:

विद्युत निरीक्षक राज्य सरकारचा, कलम १६२ खाली नेमलेला. ठरावीक व्होल्टेजच्या वरची कनेक्शनं, म्हणजे एचटीवाले, आणि १५ मीटरपेक्षा उंच इमारती त्याच्याकडे. उंच इमारतीला तर सप्लाय घ्यायच्या ३० दिवस आधी त्याला लेखी कळवावं लागतं आणि त्याच्या मंजुरीशिवाय लाईट चालू होत नाही. तुमची तळ अधिक तीन, बारा-साडेबारा मीटर भरेल. सुटली.

महापालिका बांधकाम परवान्याच्या वेळी राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लावते. त्यात वायरिंग राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग ८ प्रमाणे करा असं आहे. संहिता २०१६ ची. पण पालिकेचा माणूस जिना मोजतो, सामासिक अंतर मोजतो. बोर्ड उघडताना मी तरी कुणाला बघितलं नाही. तुमची इमारत २००९ ची असल्यानं ते पानही उलटलं जाणार नाही.

फायरवाले २००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्याखाली. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा फॉर्म बी. त्यांचा भर सिलिंडर, होजरील, अलार्मवर. तुमच्या एजन्सीनं आरसीसीबी विचारली म्हणजे माणूस चांगला भेटला, त्याला धरून ठेवा.

राहिली वीज कंपनी. नियम म्हणतो, नवीन किंवा वाढीव पुरवठा जोडण्याआधी कंपनीनं ग्राहकाची वायरिंग स्वतः तपासावी, *किंवा* लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं तपासून दिलेला रिपोर्ट मान्य करावा. त्या "किंवा"वर आख्खा महाराष्ट्र चाललाय. स्वतः तपासायला त्यांच्याकडे माणसं कुठंयत? म्हणून रिपोर्ट. आणि रिपोर्ट कसा मिळतो ते तुम्हीच लिहिलंय.

म्हणजे दिल्लीत २०२३ ला काय बदललं ते तुमच्या घरी पोचायचा एकच रस्ता आहे, तो कागद. त्यावर सही करणाऱ्यानं नवे नियम वाचलेत का, हे बाजूला ठेवा. त्यानं तुमचं घर तरी बघितलंय का?

---

औसा_नाका

काका, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. पण रिपोर्टमध्ये नेमकं तपासतात काय? म्हणजे खरंच आला तर काय करेल?

---

मेगरवाला

मेन बंद करून, दिवे-पंखे काढून किंवा स्विच बंद ठेवून ५०० व्होल्ट डीसी मेगर एक मिनिट लावायचा. फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर वायरिंग नापास. मग अर्थ पिटचा, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचा, रेझिस्टन्स. मग पोलॅरिटी, म्हणजे स्विच फेजवर आहे का न्यूट्रलवर. प्रत्येक थ्री-पिनला अर्थ पोचतंय का. आरसीसीबी असेल तर बटण दाबून पडते का, आणि मशीन असेल तर किती मिलिसेकंदात पडते.

चार मजल्यांना माझे तीन-साडेतीन तास जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मिनिटं लागतात. रिपोर्टमध्ये आकडा मात्र दोन्हीकडं लिहिलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचं इन्सुलेशन कायम "५ मेगाओहम" असतं, का कोण जाणे. पाच शुभ असावा.

---

ह्यूस्टनचा_नांदेडकर

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा नांदेड, वजिराबादचा. इथं टेक्सासात इलेक्ट्रिकल डिझाईनमध्ये १४ वर्षं.

लोकांना वाटतं अमेरिकेत एकच कोड. एकच पुस्तक आहे, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, पण ते सरकारचं नाही. अग्निसुरक्षेवर काम करणारी एक खाजगी संस्था ते काढते, पहिलं १८९७ साली निघालं, आता दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती. २०२०, २०२३, २०२६. पुस्तक निघालं म्हणून कायदा होत नाही. राज्यानं, काही ठिकाणी काउंटीनं किंवा शहरानं, ठराव करून ते स्वीकारावं लागतं. टेक्सासनं २०२३ ची आवृत्ती १ सप्टेंबर २०२३ पासून लावली. शेजारच्या राज्यात तेव्हा जुनीच आवृत्ती असू शकते. शिकागो तर स्वतःचाच कोड ठेवून बसलंय. आणि स्वीकारताना शहरं आपली कलमं घुसडतात, नको ती काढतात. बिल्डर लोक नव्या आवृत्तीतल्या महागड्या कलमांविरुद्ध दर वेळी भांडतात. त्यामुळं मला डिझाईन काढायच्या आधी पहिला प्रश्न असतो, साईट कुठल्या गावच्या हद्दीत येते आणि त्या गावानं कुठल्या सालचं पुस्तक धरलंय.

आपल्याकडं उलटं आहे. नियम देशभर एकच, एका दिवशी लागू. कागदावर आपण पुढं आहोत! फरक तपासणीत आहे. इथं परमिट काढलं की शहराचा इन्स्पेक्टर निदान दोनदा येतो. एकदा भिंती बंद व्हायच्या आधी, वायर उघडी असताना. दुसऱ्यांदा शेवटी. पहिल्या वेळी नापास केलं तर भिंत झाकता येत नाही. हे "भिंत झाकायच्या आधी" मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं प्लास्टर झाल्यावर आत काय गाडलंय ते वायरमनला माहीत आणि त्याच्या देवाला.

आता ही सगळी स्तुती नाही. टेक्सासात शहराच्या हद्दीबाहेर गेलात की बहुतेक काउंट्यांत तपासायला कुणीच नाही. कोड लागू, इन्स्पेक्टर शून्य. तिथली शेतातली घरं बघितली की मला लोहा-कंधार आठवतं.

---

सेलूकर

नांदेडकर, जुन्या घरांचं तिकडं काय करतात? दर तीन वर्षांनी वायर बदलायची का?

---

ह्यूस्टनचा_नांदेडकर

नाही. घर बांधलं त्या दिवशीचा कोड त्या घराला. हात लावलात, म्हणजे नवी लाईन ओढली, पॅनल बदललं, की तेवढ्या भागाला आजचा कोड. उदाहरण देतो. बाथरूममधल्या सॉकेटला लीकेज ब्रेकर १९७५ च्या कोडपासून, स्वयंपाकघरात १९८७ पासून. त्याच्या आधीच्या घरात तो नसला तरी कुणी दंड करायला येत नाही. आणि त्यांचा ब्रेकर ५ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो, आपल्या ३० ला नाही.

---

उमरगा_ताई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमचं कलम-बिलम मला फार कळत नाही पण एक सांगते.

माझी चुलत सासू मे महिन्यात कूलरला चिकटून गेली. सहा वर्षं झाली. पत्र्याचा कूलर, गावातच बनवलेला. दुपारी लाईट आली, त्या अनवाणी, हातात पाण्याची बादली, कूलरची खिडकी उघडायला गेल्या. बाजूला बसलेल्या जाऊबाईंना आधी वाटलं त्या खिडकी ओढायल्यात, अडकली असेल.

नंतर पंचनामा झाला, मग काही दिवसांनी निरीक्षक ऑफिसचे साहेब आले. त्या घराचा बोर्ड कुणा सरकारी माणसानं उघडून बघायची ती पहिली वेळ. घर १९ वर्षांचं होतं. साहेबांनी सॉकेट काढलं. मागं हिरवी वायर होती. वायरमननं ती आणली होती तिथपर्यंत, पण पिनला जोडली नव्हती. टोकाला काळी टेप गुंडाळून आत दुमडून ठेवलेली. साहेबांनी ती टेप सोडवली आणि आम्हाला दाखवली. तांबं नव्यासारखं चकचकीत होतं.

तो वायरमन गावातलाच. तोही मयतीला आला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला तेव्हा कुणी शिकवलंही नव्हतं. तो म्हणाला, कूलरला टू-पिनच असतो, अर्थ लागतो कशाला, म्हणून बंद केली.

---

औसा_नाका

ताई, वाचून सुन्न झालो. आमच्या ११ कूलरपैकी किती टू-पिन आहेत ते उद्या सकाळी बघतो.

---

मेगरवाला

उमरगा_ताई, तुमचं वाचून पाच मिनिटं थांबलो होतो.

ते साहेब आले ते कायद्याच्या कलम १६१ खाली. विजेच्या अपघातात माणूस दगावला की २४ तासांत कळवावं लागतं आणि निरीक्षक चौकशी करतो. त्याच्या अहवालावर भरपाई ठरते. म्हणजे सामान्य घराचा बोर्ड सरकार उघडतं ते त्या घरात मयत झाल्यावर. मी हे कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. एका निरीक्षकाकडं किती तालुके असतात ते मला माहीत आहे, ती माणसं मर मर मरतात. पण रचना तशी आहे.

---

काळी_जमीन

एक शंका. आमच्याकडं अर्थिंग एकदम पक्कं आहे, खड्डा खोदून मीठ-कोळसा टाकून प्लेट घातलीय. एमसीबी पण चांगल्या कंपनीची. मग आरसीसीबी कशाला? शॉर्ट झालं की एमसीबी पडेलच की.

---

मेगरवाला

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला आकडे मांडावे लागतात. मांडतो.

प्लेट कधी घातली? पाणी शेवटचं कधी घातलं? काळ्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आकसून प्लेटपासून सुटते. जुलैत ३ ओहम दाखवणारा पिट मेमध्ये २० दाखवतो, हे माझं स्वतःचं रीडिंग आहे, एकाच घरचं.

धरा २० ओहम. डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग अजून ५. एकूण २५. कूलरच्या बॉडीला फेज लागला. २३० भागिले २५, म्हणजे ९ अँपिअर आणि वर थोडं. तुमची एमसीबी १६ ची. ९ अँपिअर म्हणजे तिच्या दृष्टीनं एक बारका गीझर चालू झाला. ती पडणार नाही. दिवसभर पडणार नाही. सी टाईपच्या १६ ला झटक्यात पाडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. आणि तोवर कूलरच्या पत्र्यावर किती व्होल्ट? २३० चे २५ भाग, त्यातले २० तुमच्या पिटचे. १८४ व्होल्ट. "पक्कं" अर्थिंग असताना.

आरसीसीबीला ९ अँपिअर लागत नाहीत. ३० मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे ०.०३. तेवढी गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत पडायचं बंधन आहे, गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. पिट २० ओहम असो की २०० ओहम, तिला फरक पडत नाही. काळ्या जमिनीच्या मुलखात हिची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

दोन गोष्टी ती करत नाही, त्याही सांगतो. ओव्हरलोड बघत नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर तिला तुम्ही बल्ब वाटता.

मीठ-कोळशाबद्दल नंतर बोलू, मिठानं जीआय पाईपचं काय होतं तो वेगळा धागा होईल.

---

बोरी_फाटा

ठीकंय, पटलं. पण मग माझ्याकडं पावसात पडायची ती का? फॉल्टी होती का?

---

मेगरवाला

फॉल्टी नव्हती, ती तिचं काम करत होती. पावसात पडते म्हणजे कुठल्या तरी लाईनीत पाणी जातंय. बहुतेक बाहेरचा बोर्ड, नाहीतर पाटीचा लाईट. एकेक एमसीबी बंद करत जा, ज्या लाईनीवर थांबेल तिथं बघा.

बारा महिने पडत असेल तर नव्वद टक्के न्यूट्रलचा घोळ. आरसीसीबी फेजनं गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट तोलते. वायरमन वायर वाचवायला वरच्या मजल्याचा न्यूट्रल खालच्यात अडकवतो. लाईट लागते, मालक खूश. पण तराजू कधीच बसत नाही. दुसरं कारण इन्व्हर्टर. त्याचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला बांधलेला असतो, लोडशेडिंगच्या काळात घरोघर असंच केलंय. पूर्वी चालून गेलं. आरसीसीबी बसवली की सगळ्यांची जुनी पापं बाहेर येतात आणि दोष तिच्यावर. मग "डायरेक्ट करून दे".

---

गोदाकाठ

थोडं अवांतर. आमच्या गणेश मंडळाला याच्यातलं काही लागतं का? आम्ही दरवर्षी टेम्पररी मीटर घेतो, बाकी डेकोरेशनवाला बघतो.

---

मेगरवाला

लागतं. कलम ५४. रस्त्यावर, किंवा जिथं १०० किंवा जास्त माणसं जमणार तिथं, २५० वॅट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरायची तर ७ दिवस आधी विद्युत निरीक्षक आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना लेखी कळवायचं. २५० वॅट म्हणजे तुमचा एक फोकससुद्धा नाही. औसा_नाका, तुमच्याकडं ४२ पोरं म्हणून तुम्ही १०० च्या खाली. पण लातुरात १२०-१५० पोरांची हॉस्टेलं काय कमी आहेत?

---

सेलूकर

आणि ५२ खेड्यांतली पुनर्वसनाची घरं? माझी बहीण किल्लारी भागात दिलीय. ९३ च्या भूकंपानंतर मिळालेलं घर, वायरिंग तेव्हाचंच, किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज उडाला की दाजी कूलरच्या मोटरची तार गुंडाळतात. नवा नियम त्यांना लागू का?

---

मेगरवाला

सेलूकर, विनियमात "हे फक्त नव्या घरांना" असं नाही. वायरिंग सुरक्षित ठेवायची जबाबदारी कायम मालकाचीच. पण विचारणार कोण? नवीन मीटर, लोडवाढ, अपघात. या तीन वेळा सोडल्या तर त्या घराकडं नियम फिरकत नाही. अमेरिकेत जुन्याला उघड सूट आहे, आपल्याकडं सूट नाही आणि तपासणीही नाही. परिणाम तोच.

दाजींना सांगा, फ्यूज बदलायला, बल्ब, पंखा, स्विच बदलायला लायसन लागत नाही, ती मुभा आहे. पण ती तार फ्यूजची पाहिजे. कूलरच्या मोटरची तार गुंडाळली म्हणजे फ्यूज काढूनच टाकला. भिंतीतली वायर आधी जळेल, मग ती. जाता-येता त्यांना एक छोटा बोर्ड करून द्या, एक ३० मिलिअँपिअर आरसीसीबी आणि चार एमसीबी. वायर नंतर बदला, आधी हे. आयएसआय बघून घ्या. वायर, एमसीबी वगैरेला २००३ च्या आदेशापासून तो शिक्का सक्तीचा आहे, तरी आठवडी बाजारात बिनशिक्क्याचं बंडल मिळतंच.

---

दवाखाना_गल्ली

आम्ही छोटा दवाखाना चालवतो, बीड. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये दहा बाळं गेली तेव्हापासून आमच्याकडं ऑडिट, ऑडिट, ऑडिट. पहिल्या वर्षी माणूस खरंच आला, दोन तास बसला, एसीच्या लाईनी वेगळ्या करायला लावल्या. दुसऱ्या वर्षी अर्धा तास. गेल्या वर्षी फोनवर विचारलं, "मागच्यासारखंच आहे ना?"

---

औसा_नाका

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. काय काय झालं ते सांगतो, लांब होईल.

मेगरवाला काका लातूरला यायला तयार होते, पण त्यांनीच इथल्या एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचा पत्ता दिला. बाई आहेत, मॅडम. सकाळी दहाला आल्या, चारला गेल्या. मामा आधी जरा घुश्शातच होते. बाईमाणूस शिडीवर चढून जंक्शन बॉक्स उघडायली म्हणल्यावर तर लांब जाऊन उभे राहिले.

तीन मजल्यांचं रीडिंग ठीक. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमची लाईन, जिच्यावर दोन गीझर आहेत, ०.२ मेगाओहम. मॅडम म्हणाल्या, परत लावते. परत ०.२. तिथून मामांना बोलावलं. मामांनी स्वतः गीझर सोडवला, तर रीडिंग वर गेलं. एका गीझरची कॉईल फुटलेली. म्हणजे पोरं त्या पाण्यानं अंघोळ करत होती आणि आम्हाला पत्ता नाही. एक पोरगा नंतर म्हणतो, "सर, नळाला जरा मुंग्या यायच्या, आम्हाला वाटलं थंडीनं." थंडीनं! एप्रिल चालू होता.

कूलर ११, त्यातले ७ टू-पिन. सगळ्यांना थ्री-पिन आणि बॉडीला अर्थ. पिट १४ ओहम, पाणी घालून ६ वर आला. दुसरा पिट काढला.

आरसीसीबी मजलागणिक एकेक बसवली, म्हणजे एक पडली तर आख्खी इमारत अंधारात नको. पहिल्या रात्री दुसऱ्या मजल्याची तीनदा पडली. पोरं बोंबलली, मामा म्हणाले बघ. सकाळी मामा आणि मॅडमचा पोरगा दोघं बसले. निघाला न्यूट्रलच, काकांनी सांगितलेला. जिन्याच्या दिव्याचा फेज दुसऱ्या मजल्याचा आणि न्यूट्रल पहिल्याचा. मामा बराच वेळ त्या जॉईंटकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हा माझाच हाय. २००९ चा. तीन-बावीसची वायर संपली होती, तुझे वडील म्हणले उद्या आणू, मी म्हणलं कशाला." आणि स्वतःच नवीन वायर ओढली. तेव्हापासून एकदाही पडली नाही. आता महिन्याच्या एक तारखेला मामा येऊन टेस्टचं बटण दाबून जातात, चहा घेतात.

एकूण खर्च ६४,००० च्या आसपास, त्यात सर्वांत जास्त गेले तिसऱ्या मजल्याच्या नव्या वायरिंगला.

टेस्ट रिपोर्ट जोडला, लोड मंजूर झाला. ऑफिसात रिपोर्ट घेतला, बिलाला पिन मारली, फाईलमध्ये ठेवला. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. मॅडमनी जुनं आणि नवं दोन्ही रीडिंग लिहिलं होतं, ०.२ आणि नंतरचं ८. वाचलं असतं तर निदान एवढं विचारलं असतं, हे ०.२ काय होतं.

परवा शेजारच्या हॉस्टेलचे मालक आले होते. त्यांना ३० चा लोड करायचाय, पोरं ११० आहेत. मी सगळं सांगितलं, गीझरची फुटलेली कॉईल काढून ठेवलीय ती पण दाखवली. त्यांनी हातात घेऊन नीट बघितली. मग म्हणाले, "मॅडमचा नको, त्या आधीवाल्याचा नंबर द्या. १,५०० वाल्याचा."

---

मेगरवाला

दिला का?

---

औसा_नाका

नाही दिला. पण त्यांच्या पोरानं दुसऱ्याच दिवशी दुसरा काढला, १,२०० वाला.